खीरवाल्या काकूंची चिडाची झाडं

काचेच्या पेटीसमोर बसल्या की काकू तीन-तीन तास एक शब्द बोलत नसत. खोकला आलाच तर हातातला चिमटा खाली ठेवून उठत, दोन दारं ओलांडून बाहेर जात, मनसोक्त खोकत, हात पुन्हा स्पिरिटने पुसत आणि परत येऊन बसत. आत असताना कोणी काही विचारलं तर उत्तर भुवईने. एक भुवई उचलली म्हणजे हो, दोन्ही उचलल्या म्हणजे बाहेर निघ. आणि काम संपवून त्याच काकू व्हरांड्यात आल्या की तीन तासांचं साठलेलं बोलणं एकदम सुटे. बाळापूरच्या जीपमध्ये आज कोण कोणाच्या मांडीवर बसलं इथपासून प्राचार्यांनी केस काळे केल्यावर ते कसे दिसतात इथपर्यंत सगळं. अकोल्याच्या आमच्या कॉलेजचा व्हरांडा लांब होता, पण त्यांचा आवाज पार फाटकापर्यंत जाई.

"काकू, आत इतक्या गप्प कशा राहता हो?" मी नवी होते तेव्हा विचारलं होतं.

"तोंडातून काय काय उडते, दिसते का तुले?" त्या म्हणाल्या. "नाई दिसत ना? मंग बंद ठेवाव."

आमची ती टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा. झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यावरचे जंतू मारायचे, बाटलीतल्या साखर-क्षारांच्या घट्ट थरावर तो ठेवायचा आणि त्यातून हुबेहूब आईसारखं नवं झाड उभं करायचं. तो थर शिजवायचं काम काकूंचं. पातेल्यात अगर नावाची शेवाळाची पूड घालून त्या लाकडी उलथन्याने ढवळत राहत आणि त्याला खीर म्हणत. "आज कोणाची खीर हाय, सर?" हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न. सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सांगत, केळीची, नाहीतर उसाची. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. ते सगळे आकडे काकूंना पाठ होते. म्हणून सगळं कॉलेज त्यांना खीरवाल्या काकू म्हणे. सुलोचना वानखडे हे नाव फक्त हजेरीपटावर होतं.

शिक्षण सातवीपर्यंत. घर बाळापूरजवळच्या एका गावात, नदीच्या काठाला. घरचे लोक भाजी, झेंडू आणि शेवंती लावत. तीन जावा, सासू आणि काकू अशा पाच बायका एका वाफ्यात बसायच्या, आणि भांडण रोज नवं. काकूंच्याच शब्दांत सांगायचं तर "एकीनं त बाहेर पडाच लागत होतं, मी पडली." आमच्याकडे त्या बाटल्या धुवायला लागल्या. दोन वर्षं बाटल्या धुता धुता त्यांनी काचेतून आतलं काम पाहिलं. मग एका हंगामात पेटीसमोर बसून तुकडे कापणाऱ्या दोन्ही मुलींची लग्नं एकाच महिन्यात झाली. केळीची रोपं घेणारे शेतकरी दाराशी उभे. सर स्वतः पेटीसमोर बसले, पण त्यांच्या चष्म्याला ते झेपेना. तेव्हा धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे टेकवत काकू म्हणाल्या, "मी बसू का, सर?"

सरांनी त्यांना एक ट्रे दिला. पंधरा दिवसांनी सरांच्या बाटल्यांत काळी बुरशी आली होती. काकूंच्या सगळ्या बाटल्या स्वच्छ. हे मला सरांनीच सांगितलं, आणि सांगताना ते अजिबात ओशाळले नाहीत. तसा माणूस होता तो.

मी दर्यापूरची. पीएच.डी. करायला त्या प्रयोगशाळेत आले, तर काकूंनी माझं नाव न विचारताच गाव विचारलं आणि त्या दिवसापासून मला 'दर्यापूर' अशीच हाक मारायला लागल्या. "ए दर्यापूर, वेणी आत घाल. केसात काय कापसाचं वावर घेऊन आली का?" पहिला महिनाभर त्यांनी मला चिमट्याला हात लावू दिला नाही. मी एम.एस्सी.ला पहिली आले होते, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता बाटल्या धू."

माझ्या संशोधनाचा विषय होता चीड. चीड म्हणजे डोंगरातलं, सुयांसारख्या पानांचं उंच झाड. चिखलदऱ्यात एका जुन्या बंगल्याच्या आवारात कोणी तरी फार पूर्वी अशी झाडं लावली होती. त्यातलं एकच उरलं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाकीची गेली, हे टिकलं, म्हणून त्याचं मोल. पण वीज पडून त्याची एक बाजू पूर्ण वाळली होती आणि त्याच्या बोंडांत रुजेल असं बी राहिलं नव्हतं. वनखात्याच्या एका अधिकाऱ्याने सरांना विचारलं, याची रोपं करता येतील का? सर म्हणाले, करून पाहू. म्हाताऱ्या सूचिपर्णी झाडाच्या कोंबापासून रोप करणं किती अवघड, हे त्यांना ठाऊक होतं. लहान रोपाचा कोंब बाटलीत सहज मूळ धरतो. म्हातारं झाड धरत नाही.

कोंब आणायला आम्ही तिघं गेलो. काकू झाडाखाली बराच वेळ मान वर करून उभ्या राहिल्या. मग वाळलेल्या बाजूच्या सालीवर तळहात ठेवून म्हणाल्या, "एकटीच हाय वो म्हातारी." तेव्हापासून ते झाड आमच्यासाठी म्हातारी झालं. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरही मी 'म' लिहायला लागले. तुलनेसाठी दुसऱ्या प्रांतातून आणलेल्या बियांची रोपं होती, त्यांना 'ब'.

म्हातारीने आमचा पहिला अख्खा हंगाम वाया घालवला. कोंब कापला की त्यातून राळ सुटे, दोन दिवसांत बाटलीतली खीर तांबडी आणि मग काळी होई, कोंब मरून जाई. सरांनी कारण समजावलं. कापलेल्या जागेतून निघणारा रसच त्याला मारतो.

"म्हंजे वांगं चिरल्यावर काळं पडते तसं?" काकूंनी विचारलं.

"अगदी तसंच."

"मंग त्याले त्याच रसात कायले बसू देता? जागा बदलत राहू."

सर हसले. उपाय पुस्तकातही तोच होता. पण तो करायचा कोणी? शेकडो कोंब, आणि दर एका दिवसाआड प्रत्येकाला उचलून नव्या बाटलीत ठेवायचं, तेही बुरशीचा एक कण आत जाऊ न देता. आम्ही विद्यार्थ्यांनी ते आठवडाभर केलं आणि कंटाळलो. काकूंनी ते चार महिने केलं. गौरी-गणपतीतही त्या सकाळच्या जीपने येत, म्हातारीच्या कोंबांच्या जागा बदलत आणि दुपारच्या जेवणाला गावी परत जात. हळूहळू खीर काळी पडणं थांबलं. कोंब हिरवे राहिले, मग त्यांना बाजूने नवे कोंब फुटले. पाहताना हसू येई, इतके इवले, दाढीच्या ब्रशसारखे.

मूळ मात्र येईना. वर्ष गेलं, दुसरं गेलं. सर खिरीचं प्रमाण बदलत राहिले, काकू शिजवत राहिल्या, मी वहीत 'मुळी नाही', काकूंच्या भाषेत 'मुयी नाई', असं लिहीत राहिले. चिखलदऱ्याहून चौकीदार फोनवर सांगे की म्हातारीची आणखी एक फांदी गेली.

आणि मग अमरावतीला आढावा समितीसमोर जायची वेळ आली. काही दाखवता आलं नाही तर प्रकल्प बंद होणार होता, आणि त्याबरोबर माझी पीएच.डी.ही.

आता जे सांगते ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. समितीच्या आदल्या दिवशी मी वाढीच्या खोलीत, जिथे बाटल्या दिव्यांखाली ठेवत, एकटी होते. 'ब'च्या बाटल्यांत सुंदर मुळं आलेली. 'म'च्या बाटल्यांत नुसते कोंब. मी तीन बाटल्यांवरची 'ब'ची चिठ्ठी काढली आणि 'म'ची चिकटवली. कोणाला कळणार होतं? दोन्हीकडे त्याच हिरव्या सुया.

थोड्या वेळाने काकू न्यायच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत भरायला आल्या. त्या तीन बाटल्या हातात धरून त्यांनी उजेडाकडे फिरवल्या. मग मला खुणेने बाहेर बोलावलं. व्हरांड्यात आल्यावर त्यांनी मागचं दार ओढून घेतलं.

"हे म्हातारीचं नाई," त्या म्हणाल्या.

"काकू, चिठ्ठी बघा ना. 'म' आहे."

"चिठ्ठी तू लिहिते. काप मी देते. मी कापलेलं मले कयत नाई का?"

मी रडायला लागले. म्हटलं, प्रकल्प बंद झाला तर म्हातारीचे कोंबही फेकून देतील, मी तिच्यासाठीच केलं. हे अर्धंच खरं होतं, आणि त्यांना ते कळलं.

"आयक," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "उद्या तू सांगशीन का मुयी फुटली. ते म्हणतीन, झालं काम. मंग म्हातारीच्या कोंबाकडं कोण पाहीन? अन् ती मेल्यावर तिच्या जागी दुसऱ्याचं लेकरू नेऊन लावू, अन् म्हणू हे तिचंच हाय? मले नाई जमत. चिठ्ठ्या तू काढशीन का मी काढू?"

मी काढल्या. काकूंनी सरांना त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बर्फाची पेटी मांडीवर घेऊन अकोला-अमरावती एसटीत बसल्या. कंडक्टरने पेटी खाली ठेवायला सांगितली तर म्हणाल्या, "लेकरू खाली ठेवतेत का?" समितीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता. त्या दाराबाहेर स्टुलावर बसल्या.

आत सरांनी सगळं सरळ सांगितलं. कोंब जगले, वाढले, मुळी फुटलेली नाही. अध्यक्षांनी कागद मिटले. म्हणाले, "मग आता थांबावं हे बरं." समितीत एक वयस्क बाई होत्या. त्यांनी एक बाटली उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. "दोन वर्षांचे कोंब आहेत हे?" त्यांनी मला विचारलं. "इतके स्वच्छ? हे काम कोणाचं?"

मी म्हटलं, "बाहेर बसल्या आहेत."

काकूंना आत बोलावलं. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मूळ येईल?"

"मले माहीत नाई, बाई," काकू म्हणाल्या. "येईनच असं मी सांगत नाई. पण हिरवी हाय ना ती अजून? हिरवी हाय तवर मी फेकत नसते. तुमी बंद केलं तरी नाई फेकत. घरी नेईन."

अध्यक्षांना हसू आलं. बाईंना मात्र आलं नाही. त्यांनी सरांशी बराच वेळ चर्चा केली आणि आम्हाला पुढचा हिवाळा संपेपर्यंत मुदत मिळाली. परतीच्या एसटीत काकू खिडकीशी बसून बडनेऱ्यापर्यंत झोपल्या आणि मग अकोल्यापर्यंत बोलत राहिल्या.

पौषातली सकाळ होती. अकोल्यात थंडी पडते तेव्हा कडक पडते. काकू स्वेटरवर पांढरा कोट घालून वाढीच्या खोलीत फिरत होत्या, मी दुसऱ्या टोकाला होते. अचानक त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. तोंडातून शब्द नाही. एक बाटली वर उचलून त्यांनी ट्यूबच्या उजेडासमोर धरली. खालच्या थरात, कोंबाच्या बुडाशी, तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक होतं. मी चिठ्ठी पाहिली. 'म'. काकूंनी दुसरी बाटली उचलली. तिच्यातही तेच. मग तिसरी.

त्यांनी बाटल्या हळूच जागेवर ठेवल्या. पहिलं दार उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं, बंद केलं. आणि मग व्हरांड्यात उभं राहून अशा ओरडल्या की शेजारच्या वर्गातला तास थांबला.

"सर! ओ सर! म्हातारीले मुयी फुटली!"

सर पळत आले. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी पळताना पाहिलं नाही. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. बाटली पाहून ते तिथेच फरशीवर बसले. काकू त्यांच्यासाठी पाणी आणायला गेल्या आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत गेल्या, त्यामुळे पाणी अर्ध्या तासाने आलं.

पुढची परीक्षा बाटलीबाहेर काढण्याची होती. बाटलीत वाढलेलं रोप फार नाजूक असतं, त्याला हवेची सवय थोडी थोडी करावी लागते. त्यात सरांनी काकूंना धक्काच दिला. म्हणाले, म्हातारीच्या बुंध्याखालची माती आणायची, तिच्यात एक बुरशी असते, ती मुळांशी राहून त्यांना पाणी आणि अन्न मिळवून देते. ती नसेल तर रोप जगणार नाही.

काकूंनी दोन्ही भुवया उचलल्या. "बुरशी? सर, इतके वर्सं म्या बुरशीले शिव्या देल्या, अन् आता तिलेच बोलावू?"

पण स्वतः जाऊन पोतंभर माती घेऊन आल्या. प्लास्टिकच्या पेल्यांत एकोणीस रोपं लावली, वर पारदर्शक पिशव्या. रोज पिशवीला एक भोक जास्त. चैत्रात खोलीचा एसी जळाला, तेव्हा ओले गोणपाट आणि गावच्या घरचा कूलर आणून काकूंनी रोपं सांभाळली. भाजीची रोपं उन्हाळ्यात कशी जपायची हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी आठ गेली. अकरा राहिली.

वैशाखात चिखलदऱ्याहून फोन आला. वादळात म्हातारी मुळासकट पडली होती. मी काकूंना कसं सांगावं याचा विचार करत होते. त्यांनी माझं तोंड पाहूनच ओळखलं. संध्याकाळी जीपला निघताना त्यांनी एकेका पेल्यातली माती बोटाने चाचपून पाहिली. म्हणाल्या, "आता हेच."

श्रावणात आम्ही ती अकरा रोपं त्याच आवारात नेऊन लावली. वनखात्याचे अधिकारी आले होते, फोटोवाला होता, पहिलं रोप लावायला सरांना पुढे बोलावलं. सरांनी खुरपं काकूंच्या हातात दिलं. फोटोत त्या कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, खड्ड्याकडे पाहतात.

आमचा शोधनिबंध छापून आला तेव्हा सरांनी लेखकांत तिसरं नाव सुलोचना वानखडे हे घातलं होतं. कार्यालयातून विचारणा झाली की यांची पदवी कोणती. सरांनी कागदावर लिहून पाठवलं, "हे काम त्यांच्या हातांनी झालं आहे." मी काकूंना इंग्रजी अक्षरांतलं त्यांचं नाव बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागितली. ती त्यांच्या घरी अजून देवघराच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवलेली आहे. त्यांची सर्वांत भांडखोर जाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते.

काकूंनी काम सोडलं ते कोणी सांगून नव्हे. एका सकाळी पेटीसमोर बसलेल्या असताना त्यांच्या हातातला चिमटा थरथरला. त्यांनी तो दिव्यात तापवला, निववला, पुन्हा धरला. पुन्हा थरथरला. त्या उठल्या, बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "दर्यापूर, आता तू बस. ह्या हातानं नको." निरोपसमारंभाला त्या आल्या नाहीत. त्या दिवशी गावी शेवंतीचा तोडा होता. पण त्यांनी शिकवलेल्या चार मुली आज त्याच पेटीसमोर बसतात, आणि चौघीही आत तोंड उघडत नाहीत.

मी आता अमरावतीला शिकवते. यंदा काकू भाचीच्या लग्नाला अमरावतीला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चिखलदऱ्याला घेऊन गेले. अकरापैकी अकरा झाडं उभी होती, सगळी आमच्या दोघींच्या डोक्यावर गेलेली. काकू झाडांभोवतीच्या कुंपणाच्या जाळीतून हात घालून सुया चाचपू लागल्या, तर एक नवा, तरुण वनरक्षक धावत आला.

"ओ आजी, हात नका लावू. सरकारी झाडं आहेत."

"सरकारनं लावली का?" काकूंनी विचारलं.

"मंग कोणं लावली?" तो म्हणाला.

काकूंनी सांगायला सुरुवात केली. काळी पडलेली खीर, अमरावतीची समिती, पौषातली सकाळ, सगळं. तो आधी हसत होता, मग ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याने कमरेची किल्ली काढून जाळीचं दार उघडलं.

"मंग आजी, हे एक पाहा ना," तो म्हणाला. "खालच्या अंगाले पिवळं पडून राहिलं. साहेबाले विचारलं, त कोणालेच सांगता नाई येत."

काकू त्या झाडाखाली बसल्या. माती उकरली, वास घेतला. "पाणी साचते तुह्या इथं. कुदळ हाय का?" कुदळ आली. उतार कुठे आहे ते त्यांनी बोटाने दाखवलं आणि तो खणायला लागला. खाली रस्त्यावर परतवाड्याच्या जीपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मी काकूंकडे पाहिलं.

"जाऊ दे त्याले," त्या म्हणाल्या. "दुसरी येईन."

ती जीप गेली, त्यानंतरचीही गेली. अकराही झाडांभोवती चर खणून झाला, तेव्हा काकूंनी हात झटकले आणि आम्ही खाली उतरलो.